करमणुकीचे पंचांग

पुणेकरांच्या घरी पंचांगे दोन असतात. एक भिंतीवर टांगलेले. त्यात तिथी, वार, संकष्टी आणि चंद्रोदयाची वेळ. दुसरे कोणी छापत नाही, पण घरातल्या लहानथोरांना ते तोंडपाठ असते. वैशाखात व्याख्याने, श्रावणात कीर्तने, भाद्रपदात गणपती, थंडीत गाणे आणि नाटक बारमहा! एखाद्या पुणेकराला जेवायला बोलावून पाहावे. तो आधी आपल्या या दुसऱ्या पंचांगात रिकामी संध्याकाळ शोधतो, आणि बहुधा ती सापडत नाही.

आमचे तळेगाव ढमढेरे शिरूर तालुक्यातले, वेळ नदीच्या काठचे. पुणे-नगर रस्त्यावरून शिक्रापूरला आत वळले की आमच्याकडे येता येते. आमच्या भागात पंचांग एकच. पाऊस, पेरणी, सुगी आणि मग जत्रा. शहराचे ते भरगच्च पंचांग आणि आमचे हे साधे पंचांग यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असा शहरातल्या लोकांचा समज असतो. माझे म्हणणे निराळे आहे. शहराची करमणूक खेड्याच्या ऋतुमानावर उभी आहे. आणि ती करणारे कलावंत तर दोन्हीकडचे आहेत.

पेशवाईपासून सुरुवात करू. तेव्हा करमणुकीचा यजमान एकच, तो म्हणजे दरबार. श्रावणात दक्षिणा, भाद्रपदात शनिवारवाड्यातला गणपती आणि त्यापुढे नाचगाणे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शाहिरांची पुण्यात चलती होती. होनाजी जातीने गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, सगनभाऊ शिकलगार मुसलमान, तर प्रभाकर ब्राह्मण. पंक्तीला जे एकत्र बसले नसते ते लावणीत एकत्र आले. १ जानेवारी १८१८ रोजी आमच्या तळेगावाजवळच कोरेगावची लढाई झाली. त्याच वर्षी पेशवाई संपली आणि शाहिरांचा यजमान गेला. पण कला काही यजमानाबरोबर सती जात नाही. फड वाड्यातून निघाला आणि गावच्या जत्रेत, देवळापुढच्या पटांगणात उभा राहिला. सरदाराच्या जागी गावची वर्गणी आली.

नाटकाचेही असेच झाले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक केले ते राजाश्रयाने. तो आश्रय सुटल्यावर त्यांना गावोगाव फिरावे लागले, आणि १८५३ साली मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर आली, तशी नाटक मंडळ्यांच्या पेट्या-पडद्यांना वाट मोकळी झाली. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात केला तो ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, म्हणजे दिवाळीच्याच दिवसांत! सुगीचे दिवस तोंडावर आलेले, पाऊस सरलेला, माणसे सणाला घरी जमलेली. मराठी संगीत नाटकाचा जन्म दिवाळीचा आहे, हे फराळाचे ताट पुढे ओढताना वाचकांनी अवश्य आठवावे.

आता पुण्याचे ते दुसरे पंचांग उघडून पाहा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती उन्हाळ्यात. तेव्हा कचेऱ्यांना आणि शाळांना सुट्या असतात. शेतातही काम नसते. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३-९४ च्या सुमारास बहराला आला आणि त्याबरोबर मेळे आले. पेरणी आटोपलेली आणि कापणी लांब, असे ते दिवस. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून जो संगीत महोत्सव चालविला तो डिसेंबरात. उघड्या मंडपात रात्र जागवायची तर पाऊस नको आणि अंगावर शाल हवी! पुरुषोत्तम करंडकाची एकांकिका स्पर्धा १९६३ साली सुरू झाली ती पावसाळ्यात, महाविद्यालये भरलेली असतात तेव्हा. प्रत्येक नेमामागे कोणाची तरी सवड आहे, आणि ती सवड बहुतांशी आभाळाने ठरविलेली आहे.

खेड्यातल्या माणसाला शहराचे हे पंचांग पाहायला मिळाले ते एस.टी.मुळे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून (आजच्या अहिल्यानगराहून) पुण्याला धावली, ती आमच्या शिक्रापुरावरूनच. माझे वडील सांगत की, त्याआधी गणपती पाहायला पुण्याला जायचे म्हणजे बैलगाडीची दगदग होती; गाडी सुरू झाल्यावर ती गंमत झाली. आमची एक आत्या सदाशिव पेठेत राहत असे. भाद्रपदात तिच्या दोन खोल्यांत तळेगावची दहा-बारा माणसे उतरत, आणि कोणता मेळा कोणत्या चौकात किती वाजता, हे ती भाकऱ्या थापताना सांगे. आम्ही गावाकडून हुरडा, गूळ नेत असू आणि परत येताना गाणी घेऊन येत असू.

ही झाली प्रेक्षकांची ये-जा. कलावंतांची ये-जा याहून मोठी आणि याहून खडतर. तमाशाचा फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत गावोगाव फिरतो. गुढीपाडव्याच्या आधी जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच आपल्या जत्रेची तिथी घेऊन येतात. घासाघीस होते आणि सुपारी ठरते. चैत्र पौर्णिमेसारखी तिथी एकच आणि मागणारी गावे अनेक. त्या दिवशी फडमालकाचा भाव चढतो. त्या चार-सहा आठवड्यांच्या कमाईवर शंभराच्या आसपास माणसांचे वर्ष काढायचे असते. पाऊस पडला की राहुटी मिटली. मग कोणी उचल घेऊन घरी बसतो, तर कोणी पुण्याचे आर्यभूषण थिएटर गाठतो; पूर्वी मुंबईचे हनुमान थिएटरही गाठत. शहराने छप्पर दिले म्हणून फड पावसाळ्यात तगला, आणि फड तगला म्हणून चैत्रात आमची जत्रा रंगली.

या व्यवहारात हिशेब मात्र नेहमीच कलावंताच्या अंगावर आला. पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, यांनी गावचे वतन आणि जातीची प्रतिष्ठा सोडून पवळाबरोबर फड गाजविला. १९४५ साली पुण्यात त्यांचा अंत झाला तो दारिद्र्यात. विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयी सांगतात की, खेळ चालू असता त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर जाऊन उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींच्या हातून गौरव झालेली ही बाई २००२ साली वारली. शेवटच्या आजारपणात तिला लोकांच्या मदतीचा आधार घ्यावा लागला. नाटकवाल्यांचेही फारसे वेगळे नाही. बालगंधर्वांनी १९६२ साली आपल्या नावाच्या रंगमंदिराचे भूमिपूजन केले. १९६७ साली ते गेले, आणि रंगमंदिर उघडले ते २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. त्याच रंगमंचावर पुढे लावणीचे खेळ होऊ लागले आणि पेठांतल्या गृहिणीही खुर्चीवर बसून त्यांना दाद देऊ लागल्या. दरबारातून पटांगणात गेलेली लावणी अशी परत शहरात मानाने आली.

आमच्या तालुक्याचा वाटाही सांगितला पाहिजे. शिरूरच्या कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी अनेक फडांना वग आणि लावण्या लिहून दिल्या. विठाबाईंच्या नावाचा राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना २०१८ साली मिळाला. २०२१ साली ते निवर्तले. शेजारच्या दौंड तालुक्यातले चौफुला तर संगीत बारीचे नावाजलेले ठिकाण. पुणेकर त्याचे नाव हळू आवाजात घेतात, पण वाट त्यांना बरोबर ठाऊक असते!

२००० सालच्या ध्वनिनियमांनंतर रात्री दहाचा काटा आडवा आला. सवाईतली रात्रभराची मैफल गेली, आणि मध्यरात्रीनंतर चढून पहाटेला संपणारा वगही गेला. गण, गवळण, बतावणी उरकेपर्यंतच वेळ संपते. वगाला उसंत उरत नाही. झोपणाऱ्याचा हक्क मला मान्य आहे. पण एकाच नियमाने शहराचा गवई आणि खेड्याचा सोंगाड्या यांना सारखीच कात्री लागली, एवढे ध्यानात यावे. नंतर २०२० चा चैत्र आला. करोनाच्या साथीत जत्रा बंद झाल्या, नाट्यगृहांना कुलपे लागली. शहराने घरबसल्या पडद्यावर गाणी ऐकली. फडाला मात्र पडद्यावर पोट भरता येत नव्हते. लागोपाठ दोन चैत्र बुडाले. कोणी मजुरीला गेले, कोणी भाजी विकली. हंगाम म्हणजे काय, हे त्या वर्षी ज्याला कळायचे त्याला कळले.

म्हणून या दिवाळीत रसिक वाचकांना एकच विनंती आहे. फराळ चालू असता पुढच्या वर्षाचे बेत ठरतातच. नाटकाची, गाण्याची तिकिटे काढायचे घाटते. ती जरूर काढावीत. पण चैत्रात एक संध्याकाळ राखून ठेवावी, आणि मुलाबाळांना घेऊन जवळच्या कुठल्यातरी गावची जत्रा गाठावी. तंबूच्या दाराशी तिकीट काढून आत बसावे. ढोलकी सुरू झाली की मग घड्याळ पाहू नये.