उंच पिकअप आणि मोठी चाके

पिकअप उंच करून तिला मोठे टायर घालण्याची अमेरिकी हौस दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४६ मध्ये डॉजने लष्करी ट्रकवर बेतलेली ‘पॉवर वॅगन’ सामान्य ग्राहकांसाठी आणली. तिची उंची आणि जाड टायर मिरवण्यासाठी नव्हते, शेतमळ्यांवरच्या आणि जंगलातल्या कामासाठी होते. पुढे वाळवंटी शर्यती आल्या. १९६७ पासून मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पावर मोठी शर्यत भरू लागली. रुंद टायरमधली हवा कमी केली की गाडी वाळूत रुतत नाही, हे कॅलिफोर्नियातल्या हौशी चालकांच्या अंगवळणी पडले.

टायर वाढला की बाकीची दुखणी सुरू होतात. ३१ इंचीच्या जागी ३५ इंची टायर बसवला, तर एका फेऱ्यात गाडी सुमारे १३ टक्के जास्त अंतर कापते. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा खरा वेग ११३ असतो. चाकाशी पोहोचणारा जोर मात्र उणावतो. म्हणून दोन्ही डिफरन्शियलमधले ३.५५ चे गिअर काढून ४.१० चे घालतात. रिम फार बाहेर काढली, तर बेअरिंगवर ताण येतो. फार आत ठेवली, तर वळताना टायर सस्पेन्शनला घासतो. रुबाबाच्या नादात नेमके हेच विसरले जाते.

मिसुरीतील बॉब चँडलर याने हा हव्यास टोकाला नेला. त्याच्या ‘बिगफूट’चे, म्हणजे १९७४ च्या फोर्ड एफ-२५० चे, सुटे भाग मोठ्या टायरपायी तुटत गेले, तसा तो अधिक दणकट भाग, अगदी लष्करी ट्रकचे अॅक्सलही, बसवत गेला. १९८१ मध्ये ४८ इंची चाकांच्या या गाडीने एका शेतात जुन्या मोटारी चिरडल्या. पुढे खत पसरणाऱ्या यंत्रांचे ६६ इंची टायर आले.