रत्नागिरीच्या खोती गावांतील गुन्ह्यांची नोंद आणि रयतेची निर्भयता

कोकणातील लहान गाव गुन्हेगारीपासून मुक्त असते, असा समज रूढ आहे. दप्तरातील गुन्ह्यांची अल्प संख्या त्याच्या पुष्ट्यर्थ दाखविली जाते. परंतु नोंदींची अल्पता आणि रहिवाशांची निर्भयता या भिन्न गोष्टी होत. रत्नागिरी जिल्ह्यातील खोतीच्या इतिहासावरून हा भेद स्पष्ट होतो.

१८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने गावचा बंदोबस्त पोलीसपाटलाकडे सोपविला. गुन्ह्याची वर्दी वरिष्ठांस देणे हे त्याचे प्रमुख कर्तव्य. म्हणजे गुन्हा दप्तरात येणे वा न येणे हे बव्हंशी त्याच्या इच्छेवर अवलंबून राहिले. देशावर पाटील हा वतनदार असला तरी कुळांचा धनी नव्हता. दक्षिण कोकणात सारावसुली करणारा खोतच जमिनीवर वर्चस्व गाजवी, आणि अनेक गावी पोलीसपाटीलकीही त्याच्याच घराण्यात असे. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच ओटीवर ते सांगावयाचे, अशी कुळाची स्थिती होती.

वेठीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७४ अन्वये कोणासही त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबविणे हा गुन्हा होता. तरीही खोताच्या शेतावर व घरी कुळांनी विनामोबदला राबणे ही रूढी मानली जाई. कुळाच्या दृष्टीने हा जुलूम होता. गुन्ह्यांच्या तक्त्यात मात्र त्यास स्थान नव्हते. गाव शांत दिसे, कारण तक्रारीची किंमत जमीन गमावण्याइतकी मोठी होती.

या भीतीस वाचा फुटली ती पोलीसठाण्याबाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीसपाटलाच्या पदासही नवे स्वरूप दिले. अस्पृश्यतेचे आचरण १९५५ च्या कायद्याने दंडनीय ठरले. अशा कायद्यांनंतर नोंदी वाढल्यास गाव बिघडले असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पूर्वी मुकाट्याने सोसलेले अन्याय फिर्यादीच्या रूपाने पुढे आले, असाही त्याचा अर्थ संभवतो.

हा प्रश्न केवळ भूतकाळाचा नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत तंटे सामोपचाराने मिटविणाऱ्या गावांस पारितोषिके देण्यात आली. कोर्टकचेरीचा खर्च वाचणे हा तिचा निर्विवाद लाभ होय. पण तडजोड दुर्बल पक्षाने खुषीने स्वीकारली की दडपणाने, हे आकडा सांगत नाही. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांची घरे सांभाळणाऱ्या या स्त्रियांचा अनुभव विचारात घेतल्यावाचून गावाच्या सुरक्षिततेविषयी मत बनविणे अपुरे होय.

सारांश, अभ्यासकाने गुन्ह्यांची संख्या वाचण्यापूर्वी नोंद कोणी केली, तिच्यावर कोणाचा अंमल होता आणि फिर्याद करण्याचे सामर्थ्य कोणास होते, हे तपासले पाहिजे. जमीनमहसुलाची दप्तरे, कुळांचे अर्ज व वृद्धांच्या आठवणी पोलीसदप्तराशेजारी ठेवून वाचल्यासच गावाची खरी निर्भयता अजमावता येईल.