कागदावर मागे, विक्रीत पुढे: लोक डिझायरच का घेतात?

दहा लाखांच्या आसपास बजेट आहे आणि सेडानच घ्यायची आहे, असं ठरलं की बाजारात मुख्यतः चार नावं समोर येतात. मारुती सुझुकीची डिझायर, होंडाची अमेझ, ह्युंदाईची ऑरा आणि टाटाची टिगोर.

आता फक्त आकडे पाहा. डिझायरचं पेट्रोल इंजिन साधारण ८२ पीएसचं. ऑराचं ८३, टिगोरचं ८६ आणि अमेझचं ९०. डिक्की म्हणाल तर डिझायरची ३८२ लिटर, ऑराची ४०२, अमेझची ४१६ आणि टिगोरची ४१९. म्हणजे ताकद असो की डिक्की, दोन्हीत डिझायर शेवटची.

तरीही विक्रीत वर्षानुवर्षं तीच पुढे. २०१८ मध्ये तर डिझायर ही देशात सर्वाधिक विकली गेलेली कार ठरली होती. असं का होतं?

चार मीटरची रेष

या गाड्यांचा जन्मच मुळात टॅक्समुळे झाला. २००६ च्या केंद्रीय बजेटमध्ये छोट्या कारवरची एक्साइज ड्युटी २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणली गेली. अट अशी होती की गाडीची लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नको आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत हवं. डिझेलसाठी ही मर्यादा १५०० सीसी होती.

२००८ मध्ये आलेली पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. त्यामुळे ती या सवलतीत बसत नव्हती. २०१२ मध्ये मारुतीने मागची बाजू कापून गाडी ३९९५ मिलिमीटरवर आणली. दिसायला ती थोडी आखूड झाली, डिक्कीही कमी झाली, पण टॅक्स वाचला.

ही रेष आजही कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या कारवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि त्यापेक्षा मोठ्या कारवर ४० टक्के. होंडा सिटीसारखी साडेचार मीटरहून लांब, दीड लिटर इंजिनची मिडसाइज सेडान या दुसऱ्या गटात येते. म्हणून ‘थोडे पैसे घालून मोठी सेडान घेऊ’ हे बोलायला सोपं असलं, तरी मधली दरी थोडी नसते.

अर्थात टॅक्सचा हा फायदा अमेझ, ऑरा आणि टिगोरलाही मिळतो. मग डिझायर वेगळी कुठे पडते?

पहिलं कारण, अ‍ॅव्हरेज

डिझायरच्या मॅन्युअल पेट्रोल मॉडेलचं कंपनीने दिलेलं अ‍ॅव्हरेज लिटरला २४.७९ किलोमीटर आहे. मॅन्युअल अमेझचं १८.६५. महिन्याला १००० किलोमीटर गाडी चालते आणि पेट्रोल १०० रुपये लिटर आहे असं धरलं, तर महिन्याला साधारण १३०० रुपयांचा फरक पडतो. पाच वर्षांत तो ८० हजारांच्या घरात जातो. हे आकडे चाचणीतले आहेत. शहराच्या ट्रॅफिकमध्ये दोन्ही गाड्या त्यापेक्षा कमी देतात, त्यामुळे खरा फरक थोडा वेगळा असू शकतो. पण ईएमआय भरणाऱ्या घरासाठी ८ पीएसच्या ताकदीपेक्षा हा हिशोब जवळचा असतो.

सीएनजी डिझायर तर किलोला ३३.७३ किलोमीटरचा दावा करते. महाराष्ट्रात सीएनजी कारवर पेट्रोल कारपेक्षा रोड टॅक्सही कमी लागतो.

दुसरं कारण, गाडी घेतल्यानंतरची चिंता

मारुतीचं सर्व्हिस नेटवर्क देशात सगळ्यात मोठं आहे. शिवाय डिझायरचं इंजिन आणि बरेच पार्ट्स स्विफ्टचेच आहेत. त्यामुळे पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतो आणि गाडी ओळखणारा मेकॅनिकही सापडतो.

याच गटात फोर्डची अस्पायर होती, फोक्सवॅगनची अमेओ होती. अमेओ २०२० मध्ये बंद झाली. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवण्याची घोषणा केली. गाडी कितीही चांगली असली, तरी कंपनीनेच गाशा गुंडाळला तर ती विकताना भाव पडतो. रिसेलच्या बाजारात डिझायरला मागणी राहते, ती या खात्रीमुळे.

टॅक्सीचा शिक्का: तोटा की जाहिरात?

‘डिझायर म्हणजे टॅक्सी’ असं अनेकजण नाक मुरडून म्हणतात. ते चुकीचंही नाही, कारण टॅक्सीसाठी मारुती टूर एस हे वेगळं मॉडेलच विकते. पण टॅक्सीवाला गाडी हौसेने घेत नाही. गाडी दोन दिवस गॅरेजला लागली की त्याची दोन दिवसांची कमाई जाते. असा माणूस जी गाडी पुन्हा पुन्हा घेतो, ती टिकते, असा अर्थ बाकीचे ग्राहक काढतात.

या हिशोबात जे राहून गेलं

या सगळ्या हिशोबात बराच काळ एक गोष्ट मागे राहिली. ती म्हणजे सुरक्षितता. मागच्या पिढीच्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये फक्त २ स्टार होते. २०२० मध्ये टिगोरला ४ स्टार मिळाले. तरी विक्रीत पुढे राहिली ती डिझायरच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या नव्या डिझायरने हे चित्र बदललं. ग्लोबल एनकॅपमध्ये ५ स्टार मिळवणारी ती मारुतीची पहिली कार ठरली. सगळ्या व्हेरिएंटमध्ये ६ एअरबॅग्जही आल्या.

पण सेकंड हँड डिझायर पाहत असाल तर एक गोष्ट विसरू नका. हे ५ स्टार जुन्या गाडीला लागू होत नाहीत. नाव तेच असलं तरी गाडी कोणत्या पिढीची आहे ते आरसीवरची तारीख आणि मॉडेल पाहून तपासा.

मग डिझायर सगळ्यांसाठीच आहे का?

नाही. महिन्याला ३००-४०० किलोमीटरच फिरणाऱ्याला अ‍ॅव्हरेजचा फायदा फारसा जाणवणार नाही. तीनऐवजी चार सिलेंडरचं स्मूद इंजिन हवं असेल तर अमेझ किंवा ऑरा चालवून पाहायला हवी. अमेझच्या वरच्या मॉडेलमध्ये एडासही मिळतं. सीएनजी हवं आणि सामानही न्यायचं असेल तर दोन छोट्या टाक्या असलेली टिगोर सोयीची, कारण डिझायरमध्ये सीएनजीची टाकी डिक्कीची बरीच जागा खाते. टिगोरमध्ये सीएनजीसोबत ऑटोमॅटिकही मिळते, डिझायरमध्ये सीएनजीला फक्त मॅन्युअल गिअर आहेत.

थोडक्यात, डिझायर घेणारा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात भारी सेडान शोधत नसतो. पुढची सात-आठ वर्षं खिशाला आणि डोक्याला कमी ताप देणारी गाडी त्याला हवी असते. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी महिन्याचं रनिंग, घराजवळचं सर्व्हिस सेंटर आणि क्रॅश टेस्टचे स्टार, या तीन गोष्टी कागदावर लिहा. उत्तर डिझायर येईलही, कदाचित दुसरंच येईल.