१४. उमरठ
पोलादपूर तालुक्यातील, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले गाव. माघ वद्य नवमीस, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजी, कोंढाणा सर करताना धारातीर्थी पडलेले सुभेदार तानाजी मालुसरे यांची समाधी येथे आहे. शाहीर तुळशीदासाच्या या प्रसंगावरील पोवाड्यात पुत्र रायबाच्या विवाहाची सिद्धता चालू असता गडाची मसलत उभी राहते आणि मंगलकार्य मागे टाकून सुभेदार मोहिमेस निघतात. हे अर्धवट राहिलेले लग्नघर हीच येथे शोकाची प्रतिमा होय. मृत्यूचे वर्णन येण्यापूर्वीच श्रोत्याच्या अंतःकरणात वियोग रुजवण्याचे तिचे सामर्थ्य असे आहे की, माझ्या मते, युद्धवर्णनाहूनही तीच या कवनाचा प्राण ठरते. पोवाडा हा अस्सल कागद नव्हे, हे मात्र विसरू नये. घोरपडीच्या साहाय्याने कडा चढल्याची त्यातील हकिकत कविकल्पना म्हणूनच वाचावी. लोकस्मृतीने आपली स्वतंत्र प्रतिमा भूमीवरच कोरली आहे: सुभेदारांचे पार्थिव ज्या वाटेने कोकणात उतरवून उमरठास आणले असे परंपरा सांगते, ती घाटवाट आजही ‘मढे घाट’ या नावानेच ओळखली जाते.