महिला कलाकारांवरचा इंटरॅक्टिव्ह धडा कसा तयार करायचा? सुरुवात अड्याळच्या अंगणापासून

पाच चित्रकारांची नावं पटकन सांगा. राजा रवी वर्मा, एम. एफ. हुसेन... यादी पुढे सरकते. आता पाच महिला चित्रकारांची नावं सांगा. इथे बरेच जण थबकतात. वॉशिंग्टनमधल्या 'नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्स' या संग्रहालयाने मार्च २०१६ मध्ये हॅशटॅग काढून सोशल मीडियावर हाच प्रश्न विचारला होता.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या अड्याळसारख्या गावात हा प्रश्न जरा वेगळा विचारता येईल. दिवाळीत तुमच्या अंगणातली रांगोळी कोणी काढली? याचं उत्तर वर्गातल्या प्रत्येकाकडे असतं. आई, काकू, ताई, आजी. पण 'कलाकार' म्हटल्यावर यातलं एकही नाव कोणाला आठवत नाही. महिला कलाकारांवरचा धडा तयार करायचा असेल, तर तो इथूनच सुरू व्हायला हवा.

इंटरॅक्टिव्ह मल्टिमीडिया धडा म्हणजे नेमकं काय?

चित्र, आवाज, व्हिडिओ आणि मजकूर एकत्र असलेला धडा म्हणजे मल्टिमीडिया धडा. त्यात विद्यार्थ्याला काहीतरी करावं लागलं, म्हणजे शोधणं, निवडणं, जुळवणं किंवा उत्तर देणं, की तो इंटरॅक्टिव्ह होतो. नुसतं 'पुढे' बटण दाबत जाणं म्हणजे स्लाइड शो.

असे धडे बनवण्यासाठी 'एचफाइव्हपी' हे मोफत आणि मुक्त स्रोत साधन वापरतात. चित्रातल्या ठरावीक जागी बोट लावल्यावर माहिती उघडणं, मध्येच थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ, कालरेषा असे तयार साचे त्यात मिळतात. कोडिंग येण्याची गरज नाही.

धड्यात कोणाला घ्यायचं?

वीस नावांची यादी केली तर एकही लक्षात राहत नाही. चार-पाच उदाहरणं पुरेत, पण प्रत्येकातून वेगळा प्रश्न निघायला हवा.

वारली स्त्रिया: वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचं काम परंपरेने सवासिनींचं. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली आणि बाजारात पोहोचली. त्यानंतर सगळ्यात मोठं नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. पण त्याआधी पिढ्यानपिढ्या भिंती रंगवणाऱ्या बायकांची नावं कुठे गेली? हा प्रश्न धड्यात थेट विचारावा.

अमृता शेर-गिल (१९१३-१९४१): त्यांच्या 'तीन मुली' या १९३५ च्या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या १९३७ च्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. हे चित्र आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

बी. प्रभा (१९३३-२००१): विदर्भातल्या मुलांसाठी हे सगळ्यात जवळचं नाव. नागपूरजवळच्या बेला गावात जन्म, नागपुरात कलेचं शिक्षण आणि पुढे मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. लांबट, सडपातळ, गंभीर चेहऱ्याच्या कष्टकरी बाया, विशेषतः कोळिणी, ही त्यांच्या चित्रांची ओळख.

कमलाबाई गोखले आणि दुर्गाबाई कामत: १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्याच वर्षी दादासाहेब फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई आणि त्यांची लेक कमला पडद्यावर आल्या. झाडीपट्टीत हा धागा लगेच जुळतो. इथल्या दंडारीत आणि नाटकांत पूर्वी पुरुषच लुगडं नेसून स्त्रीभूमिका करत. आज नाटकांतल्या त्या भूमिका स्त्रिया करतात.

परिचय लिहून झाला की एक चाचणी करावी. 'अमक्यांची मुलगी' आणि 'तमक्यांची पत्नी' हे शब्द काढल्यावर परिचयात काय उरतं ते पाहावं. अंबिका धुरंधर यांची ओळख अनेकदा चित्रकार एम. व्ही. धुरंधर यांची कन्या अशीच करून दिली जाते. प्रत्यक्षात त्या जे. जे. मधून पदविका घेणाऱ्या सुरुवातीच्या महिलांपैकी एक होत्या. नातं सांगायला हरकत नाही, पण आधी काम सांगावं.

आधी बघू द्या, मग सांगा

'तीन मुली'ची स्क्रीन उघडल्यावर सुरुवातीला फक्त चित्र दिसावं. ना नाव, ना साल. त्यावर एकच प्रश्न: या मुली कशाची वाट बघताहेत असं वाटतं? आणि असं वाटायला लावणारी चित्रातली जागा कोणती? मुलं खाली झुकलेल्या नजरेवर, हातांवर किंवा कपड्यांच्या रंगावर बोट ठेवतील. त्या-त्या जागी दोन ओळींची माहिती उघडेल. चित्रकाराचं नाव सगळ्यात शेवटी यावं.

'हे चित्र कोणत्या साली काढलं?' या प्रश्नाला चित्र न बघताही उत्तर देता येतं. म्हणून तो पहिला प्रश्न असू नये.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडिया शिक्षणावर केलेल्या संशोधनातून काही साधे नियम मिळतात:

- सजावटीसाठी टाकलेलं संगीत आणि हलणारी चित्रं लक्ष विचलित करतात. ती काढून टाका.
- चित्र दिसत असताना माहिती आवाजात द्या. तोच मजकूर शब्दशः स्क्रीनवर दाखवू नका.
- धडा छोट्या तुकड्यांत करा. पुढे कधी जायचं हे विद्यार्थ्याला ठरवू द्या.
- चित्राची माहिती चित्राला लागूनच ठेवा.

दृष्टिहीन मुलांसाठी प्रत्येक चित्राचं शब्दांतलं वर्णनही जोडावं.

नेट चाललं नाही तर?

धडा बनवतानाच हे गृहीत धरावं. 'लुमी' या मोफत ॲपमध्ये एचफाइव्हपीचा धडा संगणकावर तयार करून एचटीएमएल फाइल म्हणून साठवता येतो. ती फाइल पेन ड्राइव्हवरून शाळेच्या संगणकावर टाकली की इंटरनेटशिवाय उघडते. फक्त बाहेरून जोडलेले व्हिडिओ मात्र नेटशिवाय चालत नाहीत.

फाइल हलकी राहायला हवी. बोलण्याचा आवाज ६४ केबीपीएसवर साठवला तर एका मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो. मोबाइलवर काढलेले फोटो मूळ आकारात टाकण्याऐवजी छोटे करून घ्यावेत.

चित्रं कुठूनही उचलता येतात का?

नाही. भारतात चित्रावरचा कॉपीराइट कलाकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. शेर-गिल यांच्या चित्रांची मुदत त्यामुळे केव्हाच संपली आहे. बी. प्रभा यांच्या चित्रांची मुदत मात्र २०६१ च्या अखेरपर्यंत आहे.

शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने चित्राची प्रत करण्याला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तोच धडा सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट. तिथे परवानगी घ्यावी, नाहीतर संग्रहालयाच्या पानाची लिंक द्यावी. चित्र मुक्त असलं तरी त्याचा फोटो ज्या वेबसाइटवरून घेतला, तिच्या अटीही वाचाव्यात.

शेवटची स्क्रीन रिकामी ठेवा

ही स्क्रीन मुलांनी भरायची. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एका बाईची कला नोंदवायची. रांगोळी, गोधडी, भिंतीवरची नक्षी, लग्नातली गाणी, काहीही चालेल. एक फोटो किंवा एक मिनिटाचं रेकॉर्डिंग पुरे. मात्र आधी तिची परवानगी घ्यायची. फोटो कोणाकोणाला दिसेल तेही तिला सांगायचं.

सोबत संग्रहालयात असते तशी पाटी करायची: कलाकाराचं नाव, कलेचा प्रकार, गाव, साल. नावाच्या जागी 'माझी आजी' चालणार नाही. पूर्ण नाव हवं, आणि तेही तिला जसं लिहिलेलं हवं असेल तसं. काही मुलांना आजीचं नाव आधी तिलाच विचारावं लागेल.

मग धड्याच्या शेवटी पहिला प्रश्न पुन्हा विचारायचा. पाच महिला कलाकारांची नावं सांगा. निदान एक नाव अड्याळचं असायला हवं.