शेजपाळी आणि दप्तर : संगणकव्यवस्थेतील दोन मध्यस्थ

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या प्रशासकीय इतिहासात वाटपाच्या दोन भिन्न रीती शेजारी शेजारी नांदत आल्या. पहिली पाण्याची. प्रवरेवर अकोले तालुक्यात १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण व ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणारे दोन कालवे यांच्या लाभक्षेत्रात मागणी-अर्ज गोळा करून शेजपाळी ठरविली जाई, आणि पाटकरी तिच्याप्रमाणे चारीचे दार उघडी. दुसरी रीत दप्तराची. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे, परगण्याचे देशपांड्याकडे असे; १९५० च्या कायद्याने ही वतने नष्ट झाल्यावर गावची कागदपत्रे तलाठ्याच्या स्वाधीन राहिली. पाणी आणि नोंद या दोहोंत एक मूलभूत भेद आहे. या चारीचे पाणी त्या चारीस दिले तरी पाणी तेच. एका गटाची नोंद दुसऱ्या गटास लागली तर मात्र कोणाची तरी जमीन जाते.

अलीकडील संगणकशास्त्रात कंटेनरचे नियोजन करणारी साधने व विभागलेल्या माहितीकोशापुढे उभे राहणारे प्रॉक्सी यांची तुलना एकमेकांचे स्पर्धक म्हणून करण्याची प्रवृत्ती दिसते. दोन्ही मध्यस्थ आहेत, दोन्ही अनेक यंत्रांचा समूह एकच असल्याचा भास उत्पन्न करतात, एवढ्यापुरते हे खरे. तथापि त्यांचा इतिहास पाहिला असता ही तुलना फसवी ठरते.

नियोजकांची परंपरा गूगलच्या ‘बोर्ग’ या अंतर्गत व्यवस्थेपासून सुरू होते. तिचा आरंभ २००३-०४ च्या सुमाराचा. २०१३ मध्ये ‘डॉकर’ने कार्यक्रम व त्यास लागणारी सामग्री एकाच पेटीत बांधण्याची रीत लोकप्रिय केली, आणि २०१४ च्या जूनमध्ये गूगलने ‘कुबरनेटिस’ जाहीर केले. त्याचे तत्त्व शेजपाळीच्या तत्त्वाहून फार दूर नाही. अमुक सेवेच्या अमुक इतक्या प्रती चालू असाव्यात एवढे सांगावयाचे. नियंत्रक प्रत्यक्ष स्थिती व अपेक्षित स्थिती यांतील अंतर सतत तपासून ते भरून काढतो. एखादे यंत्र बंद पडले तर त्यावरील काम दुसऱ्या यंत्रावर नव्याने सुरू होते. कोणत्या यंत्रावर, याची त्यास फिकीर नसते. बोर्गमध्ये कामांना अग्रक्रम होते व निकड पडताच खालच्या क्रमाचे काम काढून टाकले जाई. कालव्याच्या शेवटच्या टोकाकडील शेतकऱ्यास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

प्रॉक्सीचा उगम निराळ्या अडचणीतून झाला. ‘पीजीपूल’ २००३ सालचे. ‘व्हिटेस’चे काम यूट्यूबमध्ये २०१० साली सुरू झाले, कारण मायएसक्यूएलवर पडणारा जोडण्यांचा व अविचारी प्रश्नांचा भार असह्य होत चालला होता. प्रथम जोडण्या मर्यादित संख्येत वाटून देणे, नंतर माहितीचे खंड पाडून प्रत्येक प्रश्न योग्य खंडाकडे पाठविणे, अशी त्याची वाढ झाली. प्रश्नात खंडाची किल्ली असेल तर तो एकाच ठिकाणी जातो. नसेल तर सर्व खंडांस विचारून उत्तरे जुळवावी लागतात. गट क्रमांक न सांगता केवळ खातेदाराच्या नावावरून शोध घेणाऱ्यास साऱ्या गावांची दप्तरे उलगडावी लागतील, तसेच हे.

खंडांची पुनर्रचना हा या तुलनेतील सर्वांत बोधप्रद भाग होय. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोपरगाव, श्रीरामपूर आदी तालुक्यांतील गावे काढून राहाता तालुका झाला. अशा वेळी केवळ सीमा बदलून भागत नाही. अधिकार-अभिलेख हलवावे लागतात, आणि ते हलत असताना फेरफार थांबत नाहीत. व्हिटेस हेच काम यंत्राने करते: जुन्या खंडातील नोंदी नव्यात उतरविणे, दरम्यान झालेले बदल मागोमाग पोचविणे, दोन्हींची पडताळणी करणे, आणि मग अल्पकाळ लेखन रोखून वहिवाट नव्या खंडाकडे वळविणे. नियोजकास एका सेवेच्या चुकून दोन प्रती अधिक चालविल्या तर थोडी शक्ती वाया जाते. एकाच खंडाचे दोन मुख्य एकाच वेळी लेखन स्वीकारू लागले तर एकाच जमिनीचे दोन फेरफार दोन वह्यांत चढल्यासारखे होते. त्यांतून खरा कोणता हे पुढे सांगता येत नाही.

वस्तुतः ही दोन साधने एकमेकांच्या आश्रयाने वाढली. यूट्यूबमध्ये व्हिटेस बोर्गवरच चालत असे. बोर्ग कोणतेही काम केव्हाही हलवी आणि त्या यंत्राच्या तबकडीवरील माहिती त्यासरशी गेली असे धरावे लागे; म्हणून प्रतिकृतींवर विसंबणे व्हिटेसला भागच पडले. ही सवय त्यास पुढे कुबरनेटिसवर उपयोगी पडली. उलटपक्षी, कुबरनेटिसलाही स्वतःचे दप्तर लागतेच. त्याची सारी स्मृती ‘एटसीडी’ या कोशात असते आणि तेथे बहुमताशिवाय कोणतीही नोंद पक्की होत नाही.

कुबरनेटिसने माहितीकोशांसाठी २०१६ साली ‘पेटसेट’ आणले व त्याच वर्षी त्याचे नाव ‘स्टेटफुलसेट’ असे बदलले. यात प्रत्येक प्रतीस क्रमांक व स्वतःची तबकडी मिळते, ती हलली तरी नाव टिकते. परंतु त्या तबकडीवर काय लिहिले आहे, आणि मुख्य प्रत कोसळल्यास तिच्या जागी कोणास बसवावे, हे स्टेटफुलसेट जाणत नाही. व्हिटेसमध्ये तो निर्णय ‘व्हीटीऑर्क’ नावाचा निराळा घटक घेतो.