काकूचा बरफ

खूप दिवसांनी लिहितोय. मागच्या महिन्यात किन्हीराजाला जाऊन आलो. पुतण्याची बदली काश्मीरला झाल्याची बातमी माझ्याआधीच घरी पोचली होती. काकू ओसरीवर हरभरा निवडत बसली होती. चहा यायच्या आधीच तिनं विचारलं, "काहून रे बापू, बरफानं माणूस कसा मरते? गारीनं डोकं फुटते, पण बरफ तं मऊ असते ना?"

काकूच्या डोक्यात २०१७ होतं. त्या वर्षी २५ जानेवारीला गुरेझमध्ये हिमस्खलन झालं. एक लष्करी छावणी आणि एक गस्ती तुकडी त्यात सापडली. गेलेल्यांत दोन जवान अकोला जिल्ह्यातले होते. वाशीम १९९८ साली वेगळा जिल्हा झाला खरा, पण आमच्या घरात अकोला अजून 'आपला'च आहे.

तिला सांगितलं ते असं. बर्फ थराथरानं साचतो. कडाक्याच्या थंडीत खालच्या थराची साखरेसारखी सुटी खडी होते, कण एकमेकांना धरत नाहीत. त्यावर दोन-तीन दिवस जोराचा बर्फ पडला, वाऱ्यानं आणखी आणून टाकला, की वरचं ओझं खालच्याला पेलवत नाही. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर अख्खी लादीच सुटते. एका माणसाच्या पावलानंसुद्धा! आणि थांबला की तोच मऊ बर्फ सिमेंटसारखा आवळतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढलं तर बरेच जण वाचतात, पुढे आशा झपाट्यानं कमी होते.

म्हणून तर सियाचीनच्या हणमंतप्पा कोप्पड यांची गोष्ट विसरता येत नाही. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर, १९,६०० फुटांवर, दहा जण गाडले गेले. सहाव्या दिवशी ते जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत गेले. त्याच दहांत साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवान होता. माण, जिथे पाण्यासाठी टँकरची वाट बघतात! हे वाचलं तेव्हा पेपर बाजूला ठेवला होता.

तसं हे जुनंच आहे. १३ डिसेंबर १९१६ ला, पहिल्या महायुद्धात, आल्प्समधल्या मार्मोलाडा डोंगरावर ऑस्ट्रियन छावणीचे शेकडो सैनिक असेच गेले. आपल्याकडे १९६९ मध्ये मनालीला हिमस्खलनाच्या अभ्यासाची संस्था निघाली. २०२० मध्ये ती दुसऱ्या एका संरक्षण संस्थेत विलीन झाली. इशारे आता वेळेवर येतात. पण चौकी सोडून जाता येत नाही, हा सगळा घोळ आहे.

काकूला सगळ्यात पटलं ते मात्र वेगळंच. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात येणारे ढग, हवामानखात्याच्या भाषेत 'पश्चिमी विक्षोभ', काश्मीरला बर्फ देतात. त्यांचाच एखादा झोत खाली उतरला आणि समुद्राकडचं दमट वारं त्याला भेटलं, की विदर्भात गारपीट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली ती गारपीट आठवते ना? गहू-हरभरा पार झोपला होता.

"म्हंजे आपल्याकडं आभाळ आलं तं त्याच्याकडं बरफ?"

"नेहमीच असं नाही काकू. पण बरेचदा त्याच्याकडे आधी."

परवा फोन केला तर म्हणाली, आभाळ आलंय. मी म्हटलं, हरभरा झाकला का? "झाकतो रे," म्हणाली, "आधी त्याचा फोन लागू दे."